माझी एकटीची सही

स्ट्रिपवर दोन रेघा उमटल्या तेव्हा धाकटा अजून अंगावर पीत होता. निरोधने दगा दिला होता. थोरली नुकती पहिलीत गेलेली, माझी नोकरी कंत्राटी, आणि दुसऱ्या बाळंतपणातून अंग अजून सावरलेलं नव्हतं. नवरा सगळं ऐकून म्हणाला, “तू ठरवशील तसं.” मी ठरवलं होतंच.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरच्या बाई भरल्या बाकांसमोर म्हणाल्या, “मिस्टरांची सही आणा, मग बघू.” दुसरीकडच्या डॉक्टरांनी मात्र नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि मला विचारलं, “हे तुम्हाला हवंय, की कुणी सांगितलंय?” लग्न ठरताना मला असं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या मुलाच्या वेळीही नाही. “मला हवंय,” म्हणताना माझाच आवाज मला नवा वाटला. त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे सरकवला. त्यावर सहीची जागा एकच होती.

सोनोग्राफीच्या खोलीत ती नेहमीची पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही म्हणून. ती वाचून गर्भपातच गुन्हा आहे असं समजणाऱ्या बायका माझ्या नात्यात आहेत. गुन्हा आहे तो मुलगी की मुलगा हे पाहणं. गर्भपाताला १९७१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण अविवाहितेलाही लागू होतं.

मला नववा आठवडा होता. आधी गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायच्या गोळ्या दिल्या. त्यांनी हुडहुडी भरली, ओटीपोटात कळा सुरू झाल्या. मग टेबल. पाय वर, डोळ्यांवर दिवा, खालून गार हवा. भुलीचं इंजेक्शन गर्भाशयाच्या तोंडाशीच होतं, त्यामुळे मी जागी होते. “आता कळ येईल, श्वास सोडा,” डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. बारीक नळी आत गेली, आणि पाळीच्या सगळ्यात वाईट दिवसाची कळ कुणी मुठीत धरून पिळावी तसं झालं. सिस्टरांनी माझा हात धरला होता. त्यांच्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला टोचत होत्या, आणि मी सगळं लक्ष त्या टोचण्यावर ठेवलं. काही मिनिटांत संपलं. डॉक्टरांनी ट्रे उजेडात नेऊन आत काही राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि माझ्याच सांगण्यावरून तिथेच तांबी बसवली.

नंतर खाटेवर पडून राहिले. चहा आला, ग्लुकोजची बिस्किटं आली. सिस्टरांनी बजावलं, “सलग दोन तास, तासाला दोन-दोन पॅड भिजले किंवा ताप आला तर लगेच यायचं. लाजायचं नाही.” मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे काही दिवस धाकट्याला पाजताना डोळेही भरून येत. सुटका खरी होती आणि डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. रडले म्हणून माझा निर्णय चुकीचा ठरत नाही.

त्या खाटेवर मला पुण्याची आठवण झाली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, कुणी तिला दोष देऊ नये, म्हणून. तिथे गर्भपात होत नव्हता, काळ वेगळा होता. पण अडलेल्या बाईला आधी जाब विचारायचा नाही, आधी दार उघडायचं, ही रीत त्यांनी घालून दिली. माझ्या डॉक्टर त्याच रीतीने वागल्या.

आपल्या घरांत अजून ती रीत नाही. बाळंतिणीला आळीव मिळतात, डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी मिळते. गर्भपात झालेली बाई दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटत उभी असते, कारण तिला काही झालेलंच नसतं. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल तर तिला कारण विचारू नका. तिच्या हातचं लाटणं काढून घ्या, गरम जेवू घाला, झोपू द्या.

आणि तिच्याकडे घरच्या कुणाची सही मागितली जात असेल तर एवढं नक्की सांगा : बाईला अठरा वर्षं पूर्ण झाली असतील आणि तिचं मन ठिकाणावर असेल, तर कायद्याला तिची एकटीची संमती लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची नाही, बापाचीही नाही. तिचं नाव दवाखान्याने अनधिकृत माणसाला सांगितलं, तर तो गुन्हा आहे.