जागा राहणारा यजमान

नाशिकमध्ये सीएच्या ऑफिसात, सिडकोतल्या झेरॉक्सच्या दुकानात, मुलांचे प्रोजेक्ट छापणाऱ्या घरांत एचपीचा लेझरजेट एम१००५ अजूनही भेटतो. प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स ही तिन्ही कामं तो करतो. जोडणी मात्र एकच, यूएसबीची. त्याचं १२ए कार्ट्रिज रिफिल होतं, सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारे हात गावात आहेत. तरी घरातले सगळे मोबाइलवर आले की ‘याला वायफाय नाही’ एवढ्याच कारणावरून असं धडधाकट यंत्र भंगारात निघतं. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. या यंत्राला वायफाय बसवण्याच्या मागे लागू नये. त्याच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कायम जागा राहणारा एक छोटा संगणक द्यावा, म्हणजे बाकीचं आपोआप सोपं होतं.

कारण यूएसबीच्या घडणीतच आहे. १९९६ साली ही पद्धत आली तेव्हाच ठरलं की तारेवर एक यजमान असेल आणि बाकीची उपकरणं त्याने विचारल्यावरच बोलतील. त्यात स्वस्त लेझर प्रिंटरांनी आणखी काटकसर केली: पानावरची अक्षरं आणि रेघा ठिपक्यांत बदलण्याचं काम संगणकातल्या ड्रायव्हरवर सोपवलं. त्याच घराण्यातला लेझरजेट १०२० तर दर वेळी चालू केल्यावर स्वतःचं फर्मवेअरसुद्धा संगणकाकडून घेतो. म्हणून राउटरच्या यूएसबी खोबणीत केबल खोचली की पुष्कळदा निराशा पदरी येते. राउटर आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतो. ठिपके करणारा ड्रायव्हर प्रत्येक लॅपटॉपवर लागतोच, आणि मोबाइलवर तो नसतो. शिवाय ऑल-इन-वन म्हणजे एका तारेवर राहणारी दोन उपकरणं. छपाईचा ओघ मुख्यतः एका दिशेने जातो, स्कॅनरशी मात्र सतत दुतर्फा बोलावं लागतं. साधा प्रिंट सर्व्हर पहिलं काम करतो आणि दुसरं सोडून देतो. संपूर्ण यूएसबी जोडणीच नेटवर्कवरून पाठवण्याची युक्तीही आहे, पण त्यात एका वेळी एकच संगणक यंत्र ताब्यात घेतो आणि मोबाइल बाहेरच राहतो.

रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा बोर्ड, किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप, हा यजमान होऊ शकतो. त्यावर लिनक्स, छपाईसाठी १९९९पासून वापरात असलेलं कप्स, एचपीच्या यंत्रांसाठी एचपीलिप आणि त्याचं प्लगइन. मोबाइल नेहमीच्या पद्धतीने पान पाठवतो, ठिपके बोर्डावर तयार होतात. अवाही ही सेवा प्रिंटरचं नाव घरच्या नेटवर्कवर जाहीर करते, त्यामुळे २०१०मध्ये आलेल्या एअरप्रिंटमधून आयफोनला तो दिसतो आणि अँड्रॉइडलाही सापडतो. स्कॅनसाठी सेन आणि एअरसेन ही जोडी. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी बोर्डावरूनच, तारेने, एक पान छापून आणि एक पान स्कॅन करून पाहावं. ते नीट झालं तरच नेटवर्कला हात लावावा. एरवी दोष ड्रायव्हरचा की वायफायचा, हे शोधण्यातच दिवस जातो. राउटरमध्ये बोर्डाचा आयपी पत्ता कायम करून टाकावा. आरसीसी भिंतींच्या फ्लॅटमध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ पुरतं: ३०० डीपीआयचं ए४ पान करड्या रंगात जेमतेम नऊ एमबी भरतं.

‘घरात विंडोजचा संगणक आहेच, त्यावरून शेअर करा’ असा सल्ला मिळतो. पण मग तो संगणक सदैव चालू ठेवावा लागतो. शिवाय २०२१मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षेतली भेग बुजवताना मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि पूर्वी सुरळीत असलेली शेअरिंग ठिकठिकाणी अडली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वायफायवाला इंक टँक का घेऊ नये? रंगीत छपाई नेहमी लागत असेल, किंवा जुन्याचा फ्यूजर आणि रोलर झिजले असतील, तर अवश्य घ्यावा. पण ज्या घरात महिन्यातून मोजकी काळी पानं निघतात, तिथे नाशिकच्या उन्हाळ्यात शाईची नोझल सुकतात. टोनर ही पूड, ती सुकत नाही. वीज जाण्याची भीतीही खरी आहे. अचानक वीज गेली की बोर्डाचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, म्हणून बोर्ड राउटरच्या छोट्या यूपीएसवर ठेवावा; फ्यूजर तापताना खूप वीज ओढतो, त्यामुळे प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर लावू नये. प्रत्येक यंत्राला हा उपाय लागू पडतोच असंही नाही. कॅननच्या एलबीपी२९००चा कंपनीने दिलेला लिनक्स ड्रायव्हर पायच्या प्रोसेसरवर चालत नाही, तिथे जुना लॅपटॉपच बरा.

मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांचं वितरण विंडोज टप्प्याटप्प्याने थांबवणार आणि भर आयपीपी या सामाईक पद्धतीवर राहणार. कप्सचा बोर्ड जुन्या प्रिंटरला याच पद्धतीने जगापुढे मांडतो. तेव्हा जुनं यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक एचपीलिपच्या आणि सेनच्या यादीत जरूर पाहा. दोन्हीकडे तो असेल, तर यंत्र ठेवा.