रानाचा हिशेब

सुरत म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे शिवाजी महाराजांनी 1664 आणि 1670 साली सुरतेवर केलेल्या दोन स्वाऱ्या. आणि दुसरी, लग्नसराईत कापड दुकानदाराच्या तोंडून ऐकू येणारा 'सुरतेचा माल'. माझेही ज्ञान याच्या पलीकडे नव्हते. 2025 च्या दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला जाण्याचा योग आला खरा, पण मी इतिहास पाहायला गेलो नव्हतो की साड्या घ्यायला. मी गेलो होतो एका कागदावर मामांची सही आणायला.

आमचे आजोळ खानापूर तालुक्यातल्या रानात, अगदी आतल्या एका वाडीत आहे. हे रान 2011 साली भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. येथल्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ राहते, ते जगात मोजक्याच ठिकाणी सापडते म्हणतात. ते पाहायला लांबलांबचे अभ्यासक येतात. वाडीत मात्र पावसाळ्यात कोणी येत नाही, कारण ओढ्यावर लाकडी साकव आणि त्यापुढे चिखल. सहा वर्षांपूर्वी श्रावणात आजोबांना ताप भरला. कांबळीची डोली करून चौघांनी त्यांना भर पावसात उचलून आणले. डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच आजोबा गेले. तेव्हापासून आईचे एकच म्हणणे, 'त्या रानातून बाहेर या.'

आता तशी संधी आली आहे. जे कुटुंब आपखुशीने बाहेर येईल त्याला 15 लाख रुपये. आई तयार, थोरली मावशी तयार. आजी काहीच बोलत नाही. घर अजून आजोबांच्या नावावर असल्यामुळे मामांची संमती हवी, आणि मामा गेली बावीस वर्षे सुरतेत. कागद कन्नडमध्ये. मामांचे शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठीत. माझी शाळा मराठी असली तरी कन्नड मी आधी गल्लीत आणि मग कॉलेजात शिकलो. तेव्हा कागद वाचून दाखवायला मीच योग्य, असे घरात ठरले.

शिवाय मी पडलो वाणिज्य शाखेचा. मी एका पानावर डाव्या-उजव्या बाजू आखून हिशेबच मांडला होता. 15 लाख मुदत ठेवीत ठेवले, व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला 1 लाख 5 हजार, म्हणजे महिन्याला 8,750 रुपये. दुसऱ्या बाजूला वाडीतले उत्पन्न: थोडे भात, नाचणी, शिकेकाई, मध, कोकम. बेरीज करायची गरजच नव्हती. आणखी एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. त्या 15 लाखांतून माझ्या सी. ए. च्या शिकवणीचा एक आकडा मी पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, कोपऱ्यात धरून ठेवला होता. तो कोणाला दाखवला नव्हता.

अजमेरला जाणाऱ्या गाडीने मी सुरतेला उतरलो. मामा उधना भागात राहतात. वडगावच्या यंत्रमागावर काम शिकून ते इकडे आले आणि आता एका कारखान्यात जॉबर आहेत. त्यांच्या चाळीत खानदेशातली माणसे पुष्कळ. नळावर, किराण्याच्या दुकानात सगळीकडे मराठी ऐकू येते. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. परमुलुखात आल्यासारखे मला वाटेना. दिवाळीत सुरतेचे माग दोन-तीन आठवडे बंद असतात. एरवी रात्रंदिवस खडखडणारी ती वस्ती त्या दिवसांत इतकी शांत होती की मामींना म्हणे झोपच लागत नव्हती!

जेवणे झाल्यावर मी कागद काढला. मामांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"उद्या रान बघून येऊ या. मग वाचून दाखव की."

"कुठले रान, मामा?"

"वांसद्याचं. माग बंद असले की मी तिकडे जातोय."

मामी हसून म्हणाल्या, "दरवर्षी जातात. सुरतेची माणसं सुट्टीत डुमसला जातात समुद्रावर भजी खायला, आणि तुझे मामा जातात झाडं मोजायला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस. टी. ने आम्ही निघालो. नवसारी, चिखली करत वांसदा. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि आंब्या-चिक्कूच्या वाड्या. पुढे जमीन चढू लागते आणि साग दिसू लागतो. रस्त्याच्या आगेमागे एक अरुंद रूळ धावत असतो. ही बिलीमोरा-वघई रेल्वे. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळात, 1913 साली ती घातली गेली, मुख्यतः डांगातले सागवान बाहेर नेण्यासाठी. 2020 च्या डिसेंबरात तोट्यातल्या मार्गांच्या यादीत तिचे नाव आले होते; 2021 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मामा म्हणाले, "बघ, हिलाबी तोट्यात धरली होती." मला तेव्हा त्यातली खोच कळली नाही.

वांसदा राष्ट्रीय उद्यान आकाराने लहान आहे, सुमारे 24 चौरस किलोमीटर. आमचे भीमगड त्याच्या जवळजवळ आठपट. पूर्वी हे वांसदा संस्थानच्या राजांचे रान. 1952 पासून येथे झाडावर कुऱ्हाड पडलेली नाही, आणि 1979 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. परवानगी काढून, एक वाटाड्या बरोबर घेऊन आम्ही आत शिरलो.

पावसाळा नुकताच संपलेला. सागाची पाने सुपाएवढी झालेली, आणि त्यांच्या मधून कळकाची बेटे अशी उंच गेलेली की खालून पाहताना टोपी पडावी. तिकडे या बांबूला 'कटस' म्हणतात. वारा आला की बेटातून जुना दरवाजा उघडल्यासारखा आवाज येतो. खाली ओलसर काळोख. बिबट्या, तरस, चौशिंगा, अजगर ही येथली मंडळी. 2020 मध्ये येथे लावलेल्या कॅमेऱ्यांत रानकुत्रीही टिपली गेली. ती या भागातून कित्येक वर्षांपूर्वी नाहीशी झाली असे लोक धरून चालले होते. आम्हांला मात्र यांपैकी कोणीच दर्शन दिले नाही. माकडे दिसली, एका ओल्या वाटेवर बिबट्याचा ठसा दिसला, आणि पक्षी तर दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त आले.

पण जे दिसले ते विसरता येणार नाही. वाटेवर दोन झाडांच्या मध्ये, माणसाच्या उंचीहून वर, एक जाळे ताणलेले होते. मध्यभागी तळहाताएवढी कोळीण, काळी, अंगावर पिवळे पट्टे. वाटाड्याने सांगितले की हा रानातला मोठा कोळी, आणि जाळ्याच्या कडेला तो जो किरकोळ किडा दिसतो तो तिचा नर! इतक्यात वरून उन्हाची तिरीप आली आणि ते जाळे चक्क सोनेरी दिसू लागले. धागाच मुळात सोनेरी असतो.

मामा त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. कारखान्यात कापडाचा ठाण तपासताना माणूस जसा मान वाकडी करून पाहतो, तसे. मग म्हणाले, "बावीस वर्षं ताणा-बाणा बघतोय. असा एकसारखा ताण मला कधी जमला नाही. आपल्या वाडीतबी असे कोळी होते. आई त्यांना मोडू देत नसे, वाकून खालनं जायची."

मला ते ठाऊक नव्हते. सुट्टीत वाडीला गेलो की मी ओसरीवर बसून मोबाईलला रेंज मिळते का पाहत असे.

दुपारी उद्यानाच्या कडेच्या एका गावात चहाला थांबलो. टपरीवर एक म्हातारी बाई होती, कुकणा समाजातली. तिचे बोलणे ऐकून मी चकित झालो. शब्द गुजराती वाटावेत तोच वाक्याचे वळण मराठी होई. 1960 साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा शेजारचा डांग जिल्हा गुजरातेत गेला. त्याआधी ही बोली मराठीची की गुजरातीची यावर मोठा वाद माजला होता. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको. ती बाई मात्र दोन्ही बाजूंच्या गिऱ्हाइकांशी आपल्याच बोलीत बोलत होती आणि चहा सगळ्यांना सारखाच गोड देत होती.

मामांनी तिला विचारले, रान राखले ते बरे झाले की वाईट? ती म्हणाली, रान आहे म्हणून आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते. थोडे थांबून पुढे म्हणाली, पण लहानपणी मी जिथे खेळले तिथे आता विचारल्याशिवाय जाता येत नाही. एवढे बोलून ती कपबशा विसळू लागली. तिने दोन्ही बाजू मांडल्या आणि शिल्लक काही काढली नाही.

परतताना अंबिका नदीच्या काठी बसलो. ही नदी महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात उगम पावते आणि या रानाच्या कडेने समुद्राकडे जाते. तेथे मामा म्हणाले, "आता वाच."

मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. 'ओप्पिगे' म्हणजे संमती. पुढे शब्द आला 'स्थळांतर'. म्हटले, हा आपलाच शब्द, स्थलांतर. मामा हसले. "म्हणजे मी केलं तेच की. मला कोणी पंधरा लाख दिले नाहीत एवढंच."

मग मी माझे हिशेबाचे पान पुढे केले. मामांनी आकडे नीट पाहिले. आकडे त्यांना चांगले कळतात.

"यात रान कुठल्या बाजूला लिहिलंस?"

मी गप्प.

"आणि बा गेला तो पाऊस?"

तोही लिहिला नव्हता. दोन्ही बाजू माझ्याकडून राहून गेल्या होत्या. रान सोडल्याने जे जाते तेही आणि रानात राहिल्याने जे गेले तेही. मी फक्त व्याज लिहिले होते. मामांची बोटे पानावरून फिरत कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्यापाशी थांबली. "हे काय?" मी खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत, पण बोललेही नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री नवसारीला मामांच्या एका सोबत्याकडे उतरलो आणि सकाळी दांडीला गेलो. 12 मार्च 1930 रोजी गांधीजी साबरमतीहून पायी निघाले आणि 6 एप्रिलला याच किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. 2019 साली उघडलेले मोठे स्मारक तेथे आहे. ते पाहून आम्ही पाण्याकडे गेलो. ओहोटी होती. गोव्याचा निळा समुद्र पाहिलेल्या माणसाला हा समुद्र प्रथम निराश करतो. पाणी मातकट आणि दूर मागे सरलेले, मध्ये चिखलाचा चकाकता पट्टा, त्यावर लांब चोचीचे पक्षी टिपत फिरणारे. पण ती माती रानातून आलेली असते. येथून थोडे दक्षिणेला अंबिका समुद्राला मिळते. काल ज्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो तेच पाणी येथे कुठेतरी येऊन पोचणार होते.

मामा म्हणाले, "आपली म्हादईबी अशीच जाते. आईच्या परसातला ओढा तिला मिळतोय. गोव्यात जाऊन समुद्र होतोय. आईनं समुद्र बघितला नाही अजून." थोड्या वेळाने म्हणाले, "वाडीत बाहेरनं काय आणावं लागायचं, ठाऊक आहे? मीठ, रॉकेल आणि कापड. बाकी सगळं रान देत होतं. मी कापडाच्या मागं इकडं आलो."

तेथेच सुरूच्या झाडाखाली त्यांनी सही केली. पण आधी माझ्याकडून दुसऱ्या कागदावर लिहून घेतले, की माझा म्हणून जो वाटा येईल तो सगळा आईच्या नावावर बँकेत राहावा, आणि ती असेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. "घर सोडलेल्या माणसाजवळ स्वतःचा पैसा पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्याच्या घरातला पाहुणा होतोय. मला म्हाईत आहे." मी खोडरबर काढून कोपऱ्यातला आकडा पुसला. मामांनी ते पाहिले, आणि मग मला शेंगदाणे घेऊन दिले, लहानपणी जत्रेत देत तसे.

परत आल्यावर आईबरोबर मी वाडीला गेलो. आजीला सगळे सांगितले. सोनेरी जाळे, चहावाली बाई, मातकट समुद्र. मामांची अट वाचून दाखवली. पैशांबद्दल तिने काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "नव्या घराला परसू आहे काय? फणस लावायला जागा मिळणार काय? ते लिहिलंय काय तुझ्या कागदात?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. ते कोठेच लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कन्नडमध्ये एक अर्ज लिहिला आणि संमतीपत्राला जोडून दिला. अर्जात मागणी एकच आहे, घरामागे झाड लावण्यापुरती जमीन. हिशेबाचे पान अजून माझ्याजवळ आहे. त्यात मी दोन्ही बाजूंना एक-एक ओळ वाढवली आहे, पण त्यांच्यापुढे आकडा काय घालावा हे मला अजून सुचलेले नाही. अर्जाचे उत्तर यायचे आहे. आजीने मात्र फणसाच्या आठळ्या राखेत घालून ठेवल्या आहेत.