आडवी पट्टी

हार्डवेअरच्या दुकानात ती शंभर रुपयांच्या आत मिळते. रंगीत चिकटपट्टीचा साधा रोल. पार्किन्सन्सच्या घरात आली की तिचे हातभर लांबीचे तुकडे होतात आणि बेडरूमच्या दारात, बाथरूमच्या वाटेवर, जेवणाच्या टेबलाशेजारच्या वळणावर एकापुढे एक अशी ती आडवी पडून राहते. आलेगेले विचारतात, "रंगकाम काढलंय का?" घरातले नुसतेच हसतात. समजावून सांगायला बसलं तर चहा गार होतो.

तिचं काम काय, हे कळायला आधी दारात थबकलेला माणूस पाहायला हवा. हॉलमधून बरे चालत आलेले आजोबा चौकटीपाशी येतात आणि त्यांचे पाय जमिनीला खिळतात. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात, घरात म्हणतात "बाबा अडकले". छाती पुढे निघालेली असते, पावलं मागेच राहिलेली, टाचा उचललेल्या, गुडघे थरथरताहेत. मग घर मदतीला धावतं. आजी म्हणतात, "अहो, उचला ना पाय!" मुलगा दंड धरून ओढतो. ओढल्यानं उरलासुरला तोल जातो आणि ओरडल्यानं पाय आणखी घट्ट होतात. पट्टी यातलं काहीच करत नाही. ती पुढ्यात पडून असते. नजर तिच्यावर टेकते, तिला ओलांडायचं एवढंच मनात येतं, आणि इतका वेळ न हललेला पाय उचलून पलीकडे पडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे ढोंग वाटतं. "मघाशी येत नव्हतं, आता कसं आलं?" हा प्रश्न रुग्णाला जितका लागतो तितका आजारही लागत नसेल.

ढोंग अजिबात नाही. पायात ताकद असते, पाय लुळा पडलेला नसतो. मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात आणि चालण्यासारखी, एरवी विचार न करता होणारी हालचाल आपोआप होईनाशी होते. पाऊल छोटं पडतं, हात झुलत नाहीत, दार किंवा वळण आलं की सगळं ठप्प. डोळ्यांनी दिलेलं नेमकं लक्ष्य मात्र मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं पायापर्यंत पोचत असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणूनच सपाट फरशीवर अडकणारी कितीतरी माणसं जिना बिनदिक्कत चढतात. प्रत्येक पायरी म्हणजे एक आडवी रेघच की!

पट्टीचं कूळ तसं जुनं आहे. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या पुस्तकात जमिनीवरच्या आडव्या रेघांचा हा गुण नोंदवला. उभ्या, म्हणजे चालण्याच्या दिशेनं आखलेल्या रेघांचा तसा उपयोग होत नाही. पुढे नव्वदच्या दशकात मेलबर्नमध्ये मेग मॉरिस आणि रॉबर्ट आयन्सेक यांनी दाखवून दिलं, की अशा रेघांवरून चालताना रुग्णाचं आखूड झालेलं पाऊल जवळपास पूर्वीइतकं लांब पडू शकतं. तिचे भाऊबंदही बरेच. टक्-टक् ठोका देणारा मेट्रोनोम, पावलापुढे लाल रेघ टाकणारी लेझरची काठी, मनातल्या मनातलं 'एक-दोन, एक-दोन'. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी तर आपल्या घरातल्या रुग्णासाठी जिन्याचं चित्रच जमिनीवर अंथरलं. पुण्यातच हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. तिथे पट्टीचं काम ताल करतो.

गुण सांगितले, आता खोड्या. पट्टी चिकटवली तिथलीच. बँकेच्या दारात, लिफ्टपाशी, लग्नाच्या हॉलमध्ये ती सोबत येत नाही. पांढऱ्या फरशीवर फिकट रंगाची लावली तर असून नसल्यासारखी. रात्री दोनला, जेव्हा बाथरूमला जायची खरी घाई असते, तेव्हा दिवा नसेल तर ती दिसतच नाही. फरशी पुसून पुसून तिची कड सुटते आणि सुटलेल्या कडेला चप्पल अडकते. काहींना तिचा उपयोग होतच नाही, आणि स्मृती-लक्ष मंदावलेल्या माणसाला तर ती आणखी गोंधळात टाकू शकते. दोन पट्ट्यांमधलं अंतरही अंदाजपंचे चालत नाही. साधारण दीड ते दोन फूट, पण ते माणसाच्या उंचीवर आणि पावलावर ठरतं. शेजारच्या काकांच्या मापाची पट्टी आपल्या काकूंना चालेलच असं नाही.

सगळ्यात वाईट खोड तिची नाही, आपली आहे. पट्टी लावली की फिजिओथेरपी झाली, असं घर धरून चालतं. तिच्यामागे रोजची मेहनत असावी लागते. खुर्चीच्या कडेला सरकून, पाय मागे घेऊन, पुढे वाकून उठणं. जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घेऊन वळणं. हात मुद्दाम झुलवणं. अडकल्यावर आधी थांबणं, श्वास घेणं, भार एका पायावर टाकणं आणि मग मोठं पाऊल. 'एलएसव्हीटी बिग' नावाच्या पद्धतीत हालचाल मोठी करण्याचाच सराव असतो. आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, असे चार आठवडे, आणि त्यानंतर घरी रोज. नवे, अवघड व्यायाम शिकायचे तर गोळीचा असर असतानाची वेळ धरावी. गोळी उतरल्यावर शिकायला बसलं तर कष्ट दुप्पट आणि चिडचिड चौपट.

मला राग येतो तो उशिराचा. पुष्कळ घरांत फिजिओथेरपिस्टची आठवण होते ती पहिल्यांदा पडल्यावर, प्लास्टर निघाल्यावर. तोवर पडण्याची भीती अंगात मुरलेली असते आणि भीतीनं पाऊल अजूनच आखडतं. निदान झालं त्या महिन्यातच जायला हवं, पट्टीची गरज लागण्याच्या कितीतरी आधी.

पट्टी लावायची वेळ आलीच तर व्हिडिओ बघून स्वतः चिकटवू नका, फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून चालणं पाहू द्या, अंतर मोजू द्या. आणि ते येण्याआधी दारातलं पायपुसणं उचलून ठेवा.