चाकांवरील वानप्रस्थ

वनवासास निघालेल्या धर्मराजापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो तत्त्वज्ञानाचा नव्हे, पाकशाळेचा. मागोमाग आलेल्या ब्राह्मणांना जेवावयास काय घालावे, या चिंतेने त्याने सूर्याची आराधना केली आणि सूर्याने त्याला ताम्रस्थाली दिली, अशी कथा वनपर्वात आहे. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत त्या स्थालीतील अन्न सरत नसे. शाळेत ही कथा सांगताना मुलांना दुर्वासांच्या फजितीतच काय ती गोडी वाटे. परंतु अरण्यात जावयाचे तर शिधापाण्याचा हिशेब आधी जुळवावा लागतो, हा तिच्यातील व्यवहार मला यंदाच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील यूटा संस्थानात, चिरंजिवांच्या घरी प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

आम्ही उभयता सध्या सॉल्ट लेक सिटी येथे मुक्कामास आहोत. मुलांच्या शाळेस सुट्टी आहे तोवर पाच रात्री यलोस्टोनच्या अरण्यात, तेथील महासरोवराच्या काठी काढाव्यात, असे चिरंजिवांनी योजिले आहे. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान समजले जाते. १८७२ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. राहावयाचे ते हॉटेलात नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या घरगाडीत. इकडे तिला ‘आर. व्ही.’ म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली पंचवीस फुटी खोलीच ती: गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, शौचकूप, मेज मोडून होणारा पलंग, आणि चालकाच्या डोक्यावर एक माळा, ज्यावर नातवाने पहिल्याच दिवशी हक्क सांगितला. शेगडीपासून शौचकूप जेमतेम चार हातांवर. आमच्या मातोश्रींनी या वाहनात पाऊलही टाकले नसते.

उतरावयाची जागा ‘फिशिंग ब्रिज’ या ठिकाणी मिळाली आहे. ती कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. नावाचा अर्थ मासे धरण्याचा पूल. पहिला पूल १९०२ चा, आताचा १९३७ चा. त्याच्या कठड्याशी गळ टाकून बसणाऱ्यांची एके काळी दाटी होत असे. मात्र १९७३ पासून या पुलावरून मासे धरण्यास बंदी आहे! शास्त्रीय परिभाषेत बोलावयाचे तर जो शब्द यौगिक होता तो केवळ रूढ होऊन राहिला. कुश तोडून आणणारा तो ‘कुशल’, तशातलाच हा प्रकार. बंदीचे कारण असे की, सरोवरातून नदी बाहेर पडते त्याच जागी कटथ्रोट नावाचे तेथील मूळचे मासे अंडी घालतात. पुढे १९९४ मध्ये त्या सरोवरात लेक ट्राउट हा परका मासा आढळला. तो कटथ्रोटला खातो. स्वतः मात्र खोल पाण्यात राहत असल्याने अस्वलांच्या पंजात सापडत नाही. ओढ्यांत चढून येणाऱ्या कटथ्रोटवर ताव मारणाऱ्या ग्रिझली अस्वलांचे एक हक्काचे अन्न त्यामुळे आटले.

हा मुलूख त्या अस्वलांचा. म्हणून फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी तंबूस मज्जाव आहे. टणक भिंतींची गाडीच पाहिजे. खाद्यपदार्थ, खरकटी भांडी, दंतमंजन, केसांचे तेल, ज्याला म्हणून वास आहे ते सर्व गाडीत बंद करून ठेवावे, असा दंडक आहे. तो ऐकून सौ.ने एवढेच विचारले, “मग हिंगाच्या डबीचे काय करायचे?”

पाण्याचा हिशेब मी मागून घेतला. गाडीची टाकी चाळीस गॅलनांची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची. ती भरली की दीडशे किलोंचे ओझे वाढते, आणि अशी गाडी एका लिटर इंधनात चार-साडेचार किलोमीटरच जाते. तेव्हा वाटेपुरतेच पाणी घ्यावयाचे व मुक्कामी नळ जोडावयाचा. पण खरी मेख ऊन पाण्याची. त्याचे पात्र अवघे सहा गॅलनांचे, म्हणजे तेवीस लिटरांचे, आणि न्हाणारी माणसे सहा. फवाऱ्याखाली उभा राहिलेला पहिला मनुष्य ते सर्व संपवील. म्हणून मी बादली आणि तांब्या सुचविला. नातवंडांना त्याची फार मौज वाटली. सांडपाण्याच्या टाक्या दोन: शौचकुपाचे ते ‘काळे पाणी’ आणि मोरीचे ते ‘करडे पाणी’. काळे पाणी म्हटले की आम्हांस अंदमान आठवावयाचे; इकडे ती रोजची बाब आहे. आधी काळे सोडावे, मग करडे, म्हणजे मागून येणाऱ्या पाण्याने नळी धुतली जाते. काळे चिरंजिवांकडे व करडे माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे.

ही वाटणी सहजासहजी झाली नाही. सौ.ने पुरणाच्या यंत्रापासून पोळपाटापर्यंत यादी केली, तेव्हा सूनबाई हसत पण ठामपणे म्हणाल्या, “आई, मी आठवडाभर रजा घेतली आहे ती नुसती शेगडी बदलायला नव्हे.” मला ते पटले. सहलीला घर निघते तेव्हा पुरुष व मुले सहलीला जातात आणि स्वयंपाकघर बायकांबरोबर जाते, हे आपल्याकडेही आपण पाहतोच. यादी पुन्हा लिहिली: दशम्या, मेतकूट-भात, भडंग, आणि रात्री कुकरमधील खिचडी. भांडी पुरुषांनी घासावयाची. कुकर मात्र काढून टाकता येईना. तितक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन् तास टणकच राहते.

या उंचीनेच पुढे सगळा बेत ढवळला. सॉल्ट लेक सिटी सुमारे ४,२०० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वराहून किंचित खाली. आपला कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. ज्या तळ्याच्या काठी आम्ही राहणार ते ७,७३३ फुटांवर आहे. सौ.ला वीस वर्षांचा दमा आहे. एके रात्री सर्व निजल्यावर चिरंजीव मला हळूच म्हणाले, “बाबा, आईला इथेच ठेवू या. शेजारी मराठी कुटुंब आहे, तिला एकटे वाटणार नाही. तुम्हीच तिला समजावा.” त्यांच्या स्वरात काळजीच होती. तरी मी नकार दिला. आपल्या घरांतून स्त्रियांच्या प्रकृतीचे निर्णय त्यांच्या माघारी होतात, बहुधा प्रेमापोटीच होतात, आणि म्हणूनच त्यांस प्रत्युत्तर देणे त्यांना जड जाते. सकाळी चहाच्या वेळी मी सर्वांसमक्ष विषय काढला. सौ. थोडा वेळ काही बोलली नाही. मग मुलाला म्हणाली, “काळजी कर रे, पण माझ्यासमोर कर.”

त्यानंतर उभयता मायलेक डॉक्टरांकडे जाऊन आले. दमा सध्या आटोक्यात आहे, तेव्हा जाण्यास हरकत नाही. मात्र एका दमात वर चढू नये, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे पहिली रात्र ६,६६७ फुटांवरील वेस्ट यलोस्टोन या गावी काढावयाची. पहिले दोन दिवस चढण नाही. इनहेलर फ्रीजमागे किंवा माळ्यावर नव्हे, तिच्या कमरेच्या पिशवीत. बोटास लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्रही घेतले आहे. पण स्वस्थ बसलेली असताना धाप लागली तर यंत्राचा आकडा पाहत न बसता खाली उतरावयाचे. सरोवराजवळ उन्हाळ्यापुरता दवाखाना उघडा असतो, तो नकाशावर तांबड्या शाईने खुणावून ठेवला आहे. जुलैतही तेथील रात्री चार-पाच अंशांपर्यंत उतरतात, यासाठी लोकरीचा गळपट्टा.

धूर तर मुळीच नको. म्हणजे शेकोटी नाही. नातवाने या सहलीत जे मनाशी धरून ठेवले होते ते नेमके हेच: लाकडे पेटवावयाची आणि काडीला टोचून मार्शमॅलो भाजावयाचे. तो रडला नाही, पण माळ्यावरचा हक्कही एक दिवस बोलून दाखविला नाही. आजीने त्याला शेगडीच्या ज्योतीवर भाजून देण्याचे कबूल केले आहे. दुसरा धूर आमच्या हातचा नाही. १९८८ साली या उद्यानाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग आगीत सापडला. तेथील लॉजपोल पाइन वृक्षांची कित्येक फळे राळेने मिटलेली असतात; ती अशा आगीच्या आचेनेच उलतात व बी खाली पडते. आज त्या जागी दाट तरुण रान उभे आहे. अरण्याला वणवा मानवला तरी दमेकऱ्याला मानवत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी हवेतील धुराचे मान पाहावयाचे, आणि ते वाईट असल्यास भरलेले पैसे बुडाले तरी कोणीच जावयाचे नाही, असे चिरंजिवांनी आपण होऊन सांगितले.

सौ.ने एकच गोष्ट मागितली आहे, आणि ती नेमकी अडचणीची. क्रेग नावाच्या खिंडीत ईसा हे लहानसे तळे आहे. वसंतात बर्फ वितळते तेव्हा त्याचे पाणी दोन्ही अंगांनी वाहू लागते. गंमत अशी की, पूर्वेकडचे फिरत फिरत पश्चिमेच्या पॅसिफिकला मिळते आणि पश्चिमेकडचे मिसूरी-मिसिसिपीच्या वाटेने अटलांटिकच्या बाजूस जाते. तिचे माहेर वाईचे. महाबळेश्वरी एका ठिकाणी उगम पावून कृष्णा पूर्वेस व सावित्री पश्चिमेस जाते, हे तिने परकरी वयात पाहिलेले. ती खिंड ८,२६२ फुटांवर, म्हणजे मुक्कामाहूनही वर. तेव्हा ती परतीच्या दिवशी घ्यावयाची, गाडी रस्त्यालगत उभी करावयाची, पायी फिरावयाचे नाही आणि दहा मिनिटांत निघावयाचे, असे ठरले. सौ.ने त्या दहाची पंधरा करून घेतली आहेत.