आधी पाय, मग तोफा

सिम्युलेटरवर शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच संध्याकाळी मेसरश्मिट पाडायचे असते. मी त्यांना स्पिटफायर धावपट्टीवर सरळ पळवायला सांगतो. नुसते सरळ, उडायचेसुद्धा नाही. दुसऱ्या महायुद्धातली विमाने आधी जमिनीवर समजतात, आकाश नंतर, असे माझे ठाम मत आहे.

शिकवण्यासाठी मी डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमधले स्पिटफायर मार्क 9 वापरतो. त्याचे इंजिन मर्लिन 66, बारा सिलिंडरचे, 27 लिटरचे. वैमानिकाच्या खुर्चीतून पाहिले तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. थ्रॉटल पुढे सारला की नाक डावीकडे वळू लागते, आणि त्यामागे एकच कारण नसते. प्रोपेलरमागची हवा मळसूत्रासारखी फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. इंजिनाच्या पिळामुळे डावे चाक जमिनीवर जास्त दाबले जाते. शेपूट खाली असेतोवर प्रोपेलर हवेला तिरका असतो, त्यामुळे उजवीकडून खाली येणारे पाते जास्त ओढते. मग शेपूट उचलली जाते, आणि त्या क्षणी फिरत्या प्रोपेलरचा जायरोस्कोपी जोर नाकाला आणखी डावीकडे लोटतो. भर म्हणजे या विमानाचे वजन मुख्य चाकांच्या मागे असते; सुरू झालेले वळण आपणहून थांबत नाही, वाढतच जाते. दोन चाकांमधले अंतर जेमतेम पावणेसहा फूट.

म्हणून उजवा पाय. रडरचा ट्रिम पूर्ण उजवीकडे, फेरे मिनिटाला 3000, आणि थ्रॉटल हळूहळू. इंजिन 18 पौंड बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा जादा दाब, देऊ शकते, पण उड्डाणाला 7 पौंड पुरतात. नवख्याने त्यापुढे जाऊच नये. नाक वळलेले डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पाय सतत छोट्या छोट्या दाबांनी चालता हवा. समोरची धावपट्टी लांब नाकाने झाकलेली असते, तेव्हा नजर कडेच्या रेघेवर ठेवायची. टॅक्सी करतानाही म्हणूनच नागमोडी जावे लागते. ब्रेक पायात नसून स्टिकच्या कड्यावरच्या लिव्हरमध्ये आहे. कोणत्या चाकाला किती हवा जायची हे रडर ठरवतो. हे सगळे टेबलावरच्या जॉयस्टिकची मूठ पिळून येत नाही. पैसे मोजके असतील तर महागडी स्टिक राहू द्या, आधी पेडल घ्या. आणि आपोआप रडर सांभाळणारी सोय पहिल्या दिवसापासून बंद.

कोणते विमान वेगवान, यावर हौशी मंडळी रात्र रात्र वाद घालतात. मला वैमानिकाच्या लक्षाचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. स्पिटफायरमध्ये बूस्ट एका लिव्हरवर, फेरे दुसऱ्यावर. शिवाय पूर्ण बूस्टला पाच मिनिटांची मर्यादा, ती डोक्यात चालू ठेवायची. जर्मन फोके-वुल्फ 190 मध्ये कोमांडोगेरेट नावाचे यंत्र एकाच लिव्हरवरून मिश्रण, फेरे, प्रोपेलरचा कोन सांभाळते. दोन्ही विमाने एकाच आठवड्यात उडवा. जर्मन वैमानिकाला मागे वळून पाहायला किती जास्त सवड मिळत होती, ते लगेच कळते.

यंत्रांमधला असा फरक हाताखालीच कळतो, याचे सर्वांत सुंदर उदाहरण 2011 च्या क्लिफ्स ऑफ डोव्हर या सिम्युलेटरमध्ये आहे. काळ 1940 चा, जागा इंग्लिश खाडी. समोरचे मेसरश्मिट 109 नाक खाली घालून सूर मारते. तुम्हीही स्टिक पुढे लोटता आणि मर्लिन धापा टाकू लागते. फ्लोटच्या कार्ब्युरेटरमध्ये उलट्या गुरुत्वभाराने इंधन विस्कटते. जर्मन इंजिनात ते थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्याला फरक पडत नाही. शिकाऊ चार वेळा शिकार गमावतो आणि पाचव्या वेळी आपणहून विमान पाठीवर उलटे करून स्टिक ओढतो. त्या वेळचे ब्रिटिश वैमानिकही तेच करत. पुढे फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्या बिअॅट्रिस शिलिंग यांनी इंधनाचा लोंढा अडवणारी छोटी चकती बसवली आणि 1941 मध्ये ती लढाऊ स्क्वाड्रनपर्यंत पोचली. ही चकती पुस्तकात एका ओळीत संपते. इंजिन हातात बंद पडू पाहते, तेव्हा तिची किंमत समजते.

तोफा मी अगदी शेवटी उघडू देतो. मार्क 9 च्या प्रत्येक 20 मिलिमीटर तोफेत 120 गोळे, म्हणजे सुमारे बारा सेकंदांचा मारा. लांबून उधळायला तो नाहीच. तीव्र वळणात पंख मुळाशी आधी हवा सोडतो आणि विमान थरथरते. त्या थरथरीच्या काठावर वळण धरून ठेवता आले की शत्रू आपोआप जवळ येतो.

अशा वळणात शरीरावर येणारा भार मात्र नुसता पडदा काळवंडून कळत नाही, आणि भीतीही नाही. बर्मा आघाडीवर स्पिटफायर मार्क 8 उडवणारे भारतीय वैमानिक विशीतले होते. पुन्हा सुरू करण्याचे बटण त्यांच्याकडे नव्हते. शिकाऊंना हे मी दर वेळी सांगतो, कारण या खेळाबद्दलचा माझा आदर तिथूनच येतो.

मार्क 9 नीट उतरवता येऊ लागले की काही जण आयएल-2 या दुसऱ्या सिम्युलेटरमधल्या मार्क 14 कडे वळतात. त्यात ग्रिफन इंजिन आहे आणि त्याचा प्रोपेलर उलटा फिरतो. ट्रिम आता पूर्ण डावीकडे, आणि इतके दिवस घडवलेला उजवा पाय आवरून डावा तयार करायचा. खऱ्या स्क्वाड्रनमधल्या मर्लिनवर वाढलेल्या वैमानिकांनाही हे नव्याने शिकावे लागले होते. मी माझ्या शिकाऊंना पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी नेतो आणि सरळ पळवायला सांगतो.