चार नंबर गल्लीतले भाडेकरू

धुळ्यात पत्ता सांगताना आधी गल्लीचा नंबर सांगतात. आमचं बिऱ्हाड चार नंबरमध्ये होतं, आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. दोन खण, अंधारा लाकडी जिना आणि वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ पहाटेच मोठ्या पातेल्यात शिजायला लागायचं आणि बायका धाब्यावर ओळीनं बसून ओल्या फडक्यावर बिबडे थापायच्या. आज आमच्या धाब्यावर, उद्या शेजारच्या. कुणाचं पीठ आणि कुणाचे हात, याचा हिशेब नव्हता.

त्या वाड्याचे मालक आम्ही नव्हतो. खाली शिंपीकाका, त्यांच्या शेजारी गाद्या भरणारे चाचा, मागच्या खोलीत पापड लाटून दोन मुलं शिकवणारी मावशी आणि वर आम्ही, सगळे भाडेकरू. मालक सज्जन होते. ते गेल्यावर मुलांनी वाडा विकायला काढला. मुलं पुण्या-नाशिकला स्थायिक झालेली, वाटेकरी पुष्कळ, गळक्या धाब्याची डागडुजी करणार कोण? त्यांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात आम्हीही रात्री-रात्री भांडी मांडून बसलेलो आहोत, आणि एका संडासापुढे पाच बिऱ्हाडांची रांग लागायची तेही मला आठवतं. जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही.

पण वाडा विकला गेला तेव्हा पैसा सातबाऱ्यासारख्या कागदावर ज्यांचं नाव होतं त्यांना मिळाला. भाडेकरूंच्या हातात जे पडलं त्यात गावात खोली येत नव्हती. कुणी साक्री रोडकडे गेलं, कुणी नदीपलीकडे देवपूरच्याही पुढे. शिंपीकाकांनी लांबच्या कॉलनीत पत्र्याच्या खोलीत मशीन मांडलं. मी भेटायला गेलो तर मशीनवर कापड झाकलेलं. म्हणाले, “गिऱ्हाईक तठेच राह्यनात भाऊ, मी आठे ईसन काय करू?” बाजारातल्या दुकानदारांच्या पँटी आणि आल्टरचं काम यावर त्यांचा संसार चालायचा. रोज रिक्षाचं भाडं भरून आल्टर करायला तिथवर कोण जाणार? आता ते दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर बसतात.

या गावाचा इतिहास वाचला की हे जास्तच लागतं. इंग्रजांनी खान्देश घेतल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ मध्ये धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. त्या वेळी गाव लहान, उजाड. पेठ वसावी म्हणून व्यापाऱ्यांना घरांसाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या, बांधकामाला उचल दिली. म्हणजे माणसं यावीत म्हणून हे गाव आखलं गेलं. जागेला पुढे भाव आला तो त्या माणसांमुळे आणि त्यांच्या मागून आलेल्या कारागिरांमुळे. चाळीस-चाळीस वर्षं दुकान उघडून गल्ली जागती ठेवणाऱ्यांचा त्या भावात काहीच वाटा नाही, हे मला पटत नाही.

जळगावला मामांकडे जायचो तेव्हा स्टेशनजवळ खान्देश मिल दाखवायचे. त्या जागेवर आज खान्देश सेंट्रल मॉल उभा आहे. गिरणीतल्या जुन्या माणसांना तिथे काही विकत घेण्यासारखं सापडेल असं मला वाटत नाही.

आमच्या वाड्याच्या जागी आता खाली दुकानांचे गाळे आणि वर फ्लॅट आहेत. श्रावणात कानबाईच्या सणाला मी तिथे गेलो होतो. गल्लीतलं एक कुटुंब अजून तिथेच, नव्या फ्लॅटमध्ये राहतं. रोटांसाठी सगळी भाऊबंदकी जमली, पण हॉलमध्ये मावेना, म्हणून कानबाई पार्किंगमध्ये दोन मोटारी हलवून बसवली. गाणी म्हणायला पूर्वी अख्खी गल्ली असायची, आता घरच्याच बायका होत्या. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला पांझरा नदीकडे निघाल्यावर शिंपीकाकू वाटेत येऊन मिळाल्या. दोन रिक्षा बदलून आल्या होत्या.

धुळ्या-जळगावच्या पेठांतून अजून कितीतरी जुने वाडे उभे आहेत आणि त्यांत भाडेकरू आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. घर पाडून नवं बांधायचं म्हणून मालकानं कोर्टामार्फत ताबा घेतला, तर नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला जागा मिळण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये आहे. आमच्या वाड्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. ओळखीपाळखीवर, तोंडी शब्दावर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. तुम्ही तसं करू नका. भाड्याच्या पावत्या, लाइटबिलं जपून ठेवा, वकिलाला दाखवा, आणि जे ठरेल त्याचा नोंदणीकृत करार हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.