गवत कापलं की पेरलं?

दसरा झाला आणि आमच्या ले-आउटच्या मैदानावर गवत कापायचं मशीन आलं. लोक खूश. मागच्या वर्षी तर मीच बातमी दिली होती, 'मैदान झाले चकाचक'. चूक माझीही आहे, म्हणून लिहितो.

आपल्या नागपुरात हे हंगामी गवत मृगाच्या पावसात उगवतं, पोळ्याच्या सुमारास तुरे काढतं आणि दिवाळीपर्यंत बी गाळून वाळतं. झाड मरतं, बी मातीत पुढच्या पावसाची वाट पाहतं. दसऱ्यानंतर मशीन फिरवणं म्हणजे तेच बी मैदानभर पेरणं.

उपाय सोपा आहे भाऊ. तुरे यायच्या आधी, श्रावणातच कापा. पंधरा दिवसांनी परत कापा. मात्र हरळी बुडापासून खरडू नका, उघड्या मातीवर आधी तणच येतं. लव्हाळा कापून जात नाही, गाठीसकट खणावा लागतो. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा.

पैसा तेवढाच लागतो, फक्त तारीख चुकते. येत्या जूनमध्ये अर्ज देतोय : मशीन श्रावणात पाठवा. सहीला कोण कोण येता? कमेंटमध्ये सांगा.